छायाचित्रांची समस्यापूर्ति



छायाचित्रें काढण्याचा छंद आतां इतका सुलभ झाला आहे कीं, त्यास छंद म्हणावें कीं नुसती संवय म्हणावी, असा प्रश्न पडावा. खिशांतून फोन काढला, कांचेवर बोट टेंकलें, चित्र झालें. लग्नांत, प्रवासांत, देवळाच्या पायरीवर, जेवणाच्या ताटापुढें मिळून एका दिवसांत शंभर चित्रें काढणारा मनुष्य आज विरळा नाहीं. आणि त्या शंभरांपैकीं एकहि पुन्हां उघडून न पाहणारा तर मुळींच विरळा नाहीं. अशा विपुलतेंत ज्या हौशी माणसाला खरोखर चित्र काढावयास शिकावयाचें आहे त्यानें काय करावें, याविषयीं माझा व माझ्या तीन स्नेह्यांचा एका वर्षाचा अनुभव आज आपणांपुढें ठेवण्याचें मीं योजिलें आहे. आमचा उपाय साधा होता. दर आठवड्यास एक विषय घ्यावयाचा, आणि आठवडा संपण्यापूर्वीं त्या विषयावर एक चित्र पुरें करावयाचें. ही कल्पना आमची नव्हे. वर्षाचे ५२ आठवडे व ५२ विषय असा नेम हल्लीं देशोदेशींचे हौशी लोक धरीत असतात. आम्हीं तो साताऱ्यास धरला, एवढेंच.

पूर्वीं असा नेम मुद्दाम धरण्याची गरज नव्हती. कारण तो सामानच घालून देत असे. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें ‘कोडॅक’ नांवाचा कॅमेरा विकावयास काढला. त्याची किंमत २५ डॉलर होती व त्यांत १०० चित्रांपुरती फिल्म भरलेली असे. तीं संपलीं कीं सबंध कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा, आणि १० डॉलर भरून चित्रें व नवी फिल्म घालून परत मागवावयाचा. १९०० सालीं त्याच कंपनीचा ‘ब्राउनी’ एका डॉलरला मिळूं लागला आणि हा छंद मुलांच्याहि हातीं गेला. तरी मोजदाद सुटली नाहीं. माझ्या लहानपणीं रुंद रोलवर १२ चौकोनी चित्रें येत, पुढें ३५ मिलिमीटरच्या रोलवर ३६ येऊं लागलीं. पण बाराचे छत्तीस झाले तरी प्रत्येक चित्राला पैसा पडे आणि बोट दाबण्यापूर्वीं हात क्षणभर थांबे. तो क्षणभराचा थांबा म्हणजेच या कलेची पहिली इयत्ता होती. आतां चित्राला पैसा पडत नाहीं, म्हणून हातहि थांबत नाहीं. जो चाप पूर्वीं बाहेरून बसे, तो ज्याला शिकावयाचें आहे त्यानें आपला आपणच बसवून घ्यावयास हवा.

असा चाप बसवून घेण्याची युक्ति आपल्या देशांतील कवींना फार जुन्या काळापासून अवगत आहे. तिला समस्यापूर्ति म्हणतात. दरबारांत कवीला श्लोकाचा एक चरण, बहुधा शेवटचा, द्यावयाचा. उरलेले चरण त्यानें असे रचावयाचे कीं, तो दिलेला चरण तेथें येणें अटळच होतें असें ऐकणाराला वाटावें. दिलेला चरण पुष्कळदां मुद्दामच विचित्र असे. त्यांतच खरी मौज होती. कारण सरळ विषयावर कोणीहि रचील, पण आडव्या विषयाला सरळ करतांना कवीची जात कळते. आठवड्याचा विषय हौशी छायाचित्रकाराला देणें म्हणजे त्याला असाच एक चरण देणें होय. मात्र कवीला शब्द मनांतून काढतां येतात. आम्हांला आमचे उरलेले तीन चरण साताऱ्याच्या रस्त्यांवर, घरांत, बाजारांत शोधावे लागत.

आम्ही चौघे म्हणजे एक शाळेंतील चित्रकलेचे मास्तर, एक औषधांचे दुकानदार, एक महाविद्यालयांत शिकणारी मुलगी आणि नोकरींतून निवृत्त झालेला मी. तिघांपाशीं कॅमेरे होते. मुलीपाशीं केवळ फोन होता, आणि वर्षअखेर तिचीं चित्रें कोणाहूनहि उणीं ठरलीं नाहींत हें आधींच सांगून टाकतों. प्रत्येकानें तेरा तेरा विषय चिठ्ठ्यांवर लिहिले आणि त्या ५२ चिठ्ठ्या कंदी पेढ्यांच्या एका रिकाम्या खोक्यांत टाकल्या. सोमवारीं सकाळीं एक चिठ्ठी काढावयाची आणि रविवारीं सायंकाळीं मास्तरांच्या ओटीवर चित्रें घेऊन जमावयाचें. चित्र त्याच आठवड्यांत काढलेलें पाहिजे, जुन्या सांठ्यांतील चालणार नाहीं. वाईट चित्र चालेल, चित्रच नाहीं हें चालणार नाहीं. आणि ज्याचें चित्र त्यानें, बाकीचे तिघे त्याविषयीं बोलून होईपर्यंत, तोंड उघडावयाचें नाहीं. हा शेवटचा नियम पाळावयास सर्वांत अवघड. “अहो, तेथें मला असें दाखवावयाचें होतें कीं—” हें वाक्य गिळून बसलेल्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो!

विषय कसे असावे याविषयीं माझें मत पहिल्या दोन महिन्यांतच बनलें. एके सोमवारीं चिठ्ठी निघाली ‘एकान्त’. रविवारीं चारांपैकीं तीन चित्रांत मावळता सूर्य होता. दोहोंत एकटें झाड आणि एकांत पाठमोरा मनुष्य. पुढच्या सोमवारीं निघाला ‘चमचा’. चमचा! दुकानदार तर रागावलेच. पण त्या रविवारीं ओटीवर आलेलीं चित्रें एकमेकांशीं नातें सांगत नव्हतीं. एकांत औषधाच्या बाटलीवर पालथा घातलेला चमचा, आजाऱ्याच्या उशाशीं. एकांत चमच्याच्या पोटांत उलटें उमटलेलें सबंध स्वयंपाकघर. एकांत दहा जणांच्या पंगतीला वाढून झाल्यावर पातेल्यांत उभा राहिलेला डाव, म्हणजे वादग्रस्त चमचा. भाववाचक नाम दिलें कीं मनुष्य आठवणींतल्या चित्रांची नक्कल करूं लागतो, कारण त्या भावाचें चित्र त्यानें आधींच कोठेंतरी पाहिलेलें असतें. वस्तु दिली कीं तो वस्तूकडे पाहतो. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकारानें १९३० सालीं एक ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यांत ठेवून तिचें चित्र काढलें. तें त्याचें मिरचीचें तिसावें चित्र म्हणून आज प्रसिद्ध आहे. त्या चित्रांत कोणाला वांकलेली पाठ दिसते, कोणाला मिठी दिसते. वेस्टननें ‘मिठी’ हा विषय घेतला असता तर ही मिरची त्याला सांपडली असती असें मला वाटत नाहीं.

कॅमेऱ्याचें जें कांहीं शास्त्र आहे तेंहि विषयाच्या ओघांतच अंगीं लागतें. ‘पाणी’ हा विषय आला तेव्हां मुलीनें न्हाणीघरांतील गळता नळ धरला. सेकंदाच्या हजाराव्या भागांत चित्र घेतलें तर थेंब मण्यासारखा हवेंत थांबतो. अर्धा सेकंद भिंग उघडें ठेवलें तर तींच टपटप रेशमाची लड होते. पुस्तकांतील हा धडा तिनें पूर्वीं वाचला होता, पण त्या दिवशीं तिला निवडावें लागलें: माझें पाणी मणी आहे कीं लड? ‘सावली’ची चिठ्ठी तर अगदीं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत निघाली. त्या दिवसांत साताऱ्यास सूर्य माध्यान्हीं बरोबर डोक्यावर येतो, आणि साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली खांबाच्याच पायाखालीं नाहींशी होते. आम्ही तिघे सकाळच्या लांब सावल्या टिपून मोकळे झालों. मास्तर मात्र भर दुपारीं छत्री घेऊन निघाले आणि मैदानांतील एक लोखंडी खांब टिपून आले. भोंवतीं पांढरें ऊन, खांब उभा, आणि सावलीचा पत्ता नाहीं. विषय ‘सावली’, आणि चित्रांत तीच तेवढी नाहीं! जुन्या दरबारांत या पूर्तीला शेला मिळाला असता.

सप्टेंबरांत ‘जांभळा’ रंग आला तेव्हां गंमत झाली. साताऱ्यापासून कासचें पठार जवळ, दिवस फुलांचे, आणि पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत या पठाराचा समावेश झाल्यापासून तेथें कॅमेऱ्यांची जत्रा भरत असते. आम्हांपैकीं दोघे गेले, आणि जशीं सर्वांचीं येतात तशीं सुंदर चित्रें घेऊन आले. दुकानदारांना दुकान सोडवेना. त्यांनीं दुपारच्या डब्यांतील भरल्या वांग्याचा देंठ आणि त्यालगतची करपलेली जांभळी साल एवढेंच टिपलें. मला स्वतःला फुलांचें वांकडें नाहीं. पण पठारावरचीं फुलें आधींच सुंदर आहेत, छायाचित्रकाराचें तेथें काम थोडें उरतें.

आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास उत्साह ओसरतो, हें ज्यांना असा नेम धरावयाचा असेल त्यांनीं आधींच जाणून असावें. नवलाई संपलेली असते आणि हातोटी आलेली नसते. अशा दिवसांत मला दादासाहेब फाळके यांच्या वाटाण्याची आठवण होई. १९१२ सालीं लंडनहून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांच्यापाशीं भांडवल नव्हतें. त्यांनीं एका कुंडींत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यापुढें रोवला आणि ठराविक वेळानें एक एक चित्र घेत कित्येक दिवस काढले. पडद्यावर तीं चित्रें एकापुढें एक धांवलीं तेव्हां बीजाचा अंकुर व अंकुराचा वेल डोळ्यांदेखत वाढतांना दिसला, आणि पैसे लावणारांचा विश्वास बसला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३ सालचा. मला त्या कथेंतील नाट्यापेक्षां मधले दिवस अधिक मोठे वाटतात. ज्या दिवशीं कुंडींत कालच्यापेक्षां निराळें कांहींच दिसत नसेल, आणि तरी त्या दिवसाचें चित्र घ्यावयाचें असेल, ते दिवस. आमच्या दुकानदारांनीं साथीच्या दिवसांत, रात्रीं अकरा वाजतां दुकान बंद करतांना, ‘कुलूप’ या विषयावर स्वतःच्याच दुकानाचें कुलूप टिपलें. चित्र हललेलें होतें. आम्हीं तें वहींत चिकटविलें.

आतां एका प्रसंगाविषयीं थोडें विस्तारानें बोलतों. कारण विषय दिला कीं एक धोकाहि त्याबरोबर येतो. चिठ्ठी होती ‘ओझें’. मास्तर बाजारांत गेले आणि धान्याचें पोतें पाठीवर घेतलेल्या एका हमालाचें चित्र त्यांनीं मागून काढलें. वांकलेली पाठ, ताणलेल्या शिरा, पोत्याच्या विणींतून उडणारी धूळ, तिरपें ऊन. चित्र उत्तम होतें, प्रदर्शनांत लागावें असें. हमालानें पोतें टाकून मागें पाहिलें आणि विचारलें, “ह्येचं काय करनार?” यावर “आमचा या आठवड्याचा विषय ओझें आहे,” हें उत्तर देतां येईना. मास्तरांनीं त्याला चित्राची प्रत आणून देण्याचें कबूल केलें आणि दोन दिवसांनीं खरोखरच नेऊन दिली. त्यानें ती दोहों हातांत धरून पाहिली आणि म्हणाला, “नुसती पाठच दिसतीया की. तोंड कुठं हाय?”

मास्तरांनीं तेथल्या तेथें दुसरें चित्र काढलें. त्या गृहस्थानें आधीं सदऱ्याचीं बटणें लावलीं, टोपी नीट केली, हात सरळ सोडले आणि कॅमेऱ्याकडे रोखून पाहिलें. त्या चित्रांत ओझें नव्हतें, घाम नव्हता, तिरपें ऊन नव्हतें. रविवारीं ओटीवर दोन्हीं चित्रें ठेवलीं गेलीं आणि कोणतें वहींत जावें यावर तासभर वाद झाला. मुलगी म्हणाली, पहिलें चित्र विषयाचें आहे आणि दुसरें माणसाचें. दुकानदार म्हणाले, मग विषय माणसापेक्षां मोठा कधीं झाला? अखेर दुसरें चित्र चिकटविलें. पहिलें मास्तरांनीं स्वतःपाशीं ठेविलें, कोणाला दाखविलें नाहीं. त्या रविवारपासून नियमांत भर पडली: अनोळखी माणसाचा चेहरा किंवा देह चित्रांत असेल तर त्याला आधीं विचारावयाचें व मागाहून प्रत द्यावयाची. हा नियम कलेच्या आड येतो असें म्हणणारे पुष्कळ भेटले, आणि येतोहि. पण गरिबाची पाठ ही कोणाच्या आठवड्याची पूर्ति करण्यासाठीं रस्त्यावर मोकळी पडलेली वस्तु नाहीं, हें आम्हां चौघांना पटलें आहे.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. ही चिठ्ठी आषाढांत निघाली. पाऊस इतका कीं बाहेर जाणें नको. शेजारच्या जुन्या वाड्यांत एक वृद्ध काकू राहत असत. त्यांच्या वाड्याचा उंबरठा मीं चाळीस वर्षें ओलांडला होता. आतां त्याचें चित्र काढावयाचें म्हणून जमिनीशीं टेंकून, कॅमेरा लाकडाच्या पातळीवर आणून पाहूं लागलों. दारांतून येणारा पावसाळी उजेड अगदीं आडवा पडला होता आणि त्यांत लाकडावरची प्रत्येक झीज दिसत होती. उंबरठा मध्यभागीं झिजलेला असेल अशी माझी कल्पना. पण खोलगट भाग सगळा उजवीकडे होता. डावी बाजू जवळजवळ कोरी, तिच्यावर ठोकलेली नाल तेवढी गंजलेली. मीं काकूंना कारण विचारलें. त्या म्हणाल्या, “अरे, डावें कवाड नेहमीं लावलेलेंच असायचें. दोन्हीं कवाडें उघडायचीं तीं लग्नाला, नाहींतर कुणाला शेवटचें न्यायचें असेल तेव्हां.” आणि मग या उंबरठ्यावरून कोण कोण आंत आलें व कोण कोण बाहेर गेलें, हें त्या बराच वेळ सांगत राहिल्या. त्या स्वतः त्याच घरांत नऊवारी शालूच्या ओच्यानें माप लवंडून आल्या होत्या कीं पायानें, यावरहि त्यांचा व त्यांच्या धाकट्या जावेचा वाद होता, तो मीं ऐकून घेतला.

दिवाळीनंतर वाडा पाडला. तेथें आतां इमारत उभी राहत आहे. लांकूड वजनावर गेलें, त्यांत चौकटहि गेली. काकू मुलाकडे पुण्यास गेल्या. त्यांच्या नातवानें मला निरोप पाठवून त्या चित्राची प्रत मागविली. त्या घराण्यांत लग्नामुंजींचीं हजारों चित्रें असतील, आणि त्यांतल्या कितीतरी चित्रांत माणसें याच दारांत उभीं आहेत; पण पायाखालच्या लाकडाकडे कोणाचें भिंग वळलें नव्हतें. माझेंहि वळलें नसतें, जर त्या सोमवारीं खोक्यांतून ती चिठ्ठी न येतां दुसरी आली असती. प्राग शहरांतील योसेफ सुदेक या छायाचित्रकाराचा उजवा हात पहिल्या महायुद्धांत गेला होता. त्यानें १९४० पासून १९५४ पर्यंत आपल्या चित्रशाळेच्या एकाच खिडकीचीं चित्रें काढलीं. धुकें बसलेली कांच, पावसाचे ओघळ, बाहेरचें वांकडें झाड, आंत ओट्यावर एखादा पेला. त्याच्या खिडकीपुढें माझा उंबरठा तो काय! परंतु घर सोडून कोठेंहि न जातां पाहावयास मिळणारें जग किती असतें, हें त्या आषाढांत मला कांहींसें उमगलें.

वर्षअखेर ५२ आठवड्यांचीं आमचीं २०८ चित्रें एका जुन्या हिशेबाच्या वहींत चिकटवून झालीं. सर्व चित्रें पोस्टकार्डाएवढीं छापून घेतलीं होतीं. फोनवर पाहिलेल्या व कागदावर छापलेल्या चित्रांत फार अंतर असतें, आणि वहीचें पान उलटावयास मनुष्य जेवढा थांबतो तेवढा तो कांचेवर थांबत नाहीं. त्या २०८ पैकीं खरोखर चांगलीं म्हणण्यासारखीं पंधरा-सोळा भरतील. बाकीचीं साधारण आहेत, कांहीं तर अगदींच पडेल आहेत. पण कोणतेंहि पान उघडलें तरी तो आठवडा आठवतो. कोणत्या रविवारीं दिवे गेले होते, कोणत्या रविवारीं मुलीची परीक्षा होती, चमच्यावरून कोण रुसलें होतें, सारें त्या वहींत आहे.

आपणांपैकीं कोणास असा नेम धरावासा वाटला, तर सामान फार लागत नाहीं. हातीं असेल तोच कॅमेरा किंवा फोन पुरे. नवा घेण्याच्या विचारांत महिना घालवूं नये. सोबती तीन-चार असावे, दहा असूं नयेत; दहांच्या सभेंत भाषणें होतात. चिठ्ठ्यांवर घरांतल्या व गल्लींतल्या वस्तु लिहाव्या: कडी, चूल, ओल, गांठ, जिना, दोरी, राख, पायताण, कोनाडा, तिकीट. सण व सूर्यास्त वगळावे. चिठ्ठी न आवडली तर परत टाकण्याची सवलत ठेवूं नये. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या चिठ्ठ्या गेल्या रविवारींच लिहून झाल्या. या खेपेस काकूंकडूनहि पत्रानें तेरा विषय मागविले होते. त्यांनीं सातच पाठविले, आणि त्यांतला एक कोणता आहे हें खोकें उघडेपर्यंत आम्हांस कळूं नये म्हणून घडी घालून वर गोंद लावला आहे.